लाल सिलिकॉन

१

किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन बंद होईना. प्रथमेशने फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं आणि मी त्याला दटावलं, की घाबरून काहीतरी बरळू नकोस, नीट सांग. तर तो नीटच सांगत होता.

रविवारची सकाळ होती. पनागरच्या पुढे एका पडीक माळावर फोर-व्हील-ड्राइव्हवाल्या हौशी पोरांची स्पर्धा होती. चढ, चिखल, खड्डे, सगळी हौस. माझ्या भाच्याची, म्हणजे प्रथमेशची, जिप्सी पहिला चढ चढून वर गेली आणि इंजिनाचा आवाज आपोआप वाढायला लागला. त्याने पाय काढला तरी वाढतच राहिला. किल्ली फिरवली, काढली, काही उपयोग नाही. मागून निळसर धुराचा लोट. शेजारी बसलेल्या अनुपमने, म्हणजे त्याच्या मित्राने, घाबरून खाली उडी मारली आणि खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं. प्रथमेशही बाहेर पडला. मिनिटभराने इंजिनातला दांडा तुटून पोट फोडून बाहेर आला आणि सगळं शांत झालं.

डिझेल इंजिन टर्बोतून, म्हणजे त्यात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यातून, गळणारं स्वतःचंच तेल पिऊ लागलं की असं होतं. मग त्याला किल्ली लागत नाही, डिझेलही लागत नाही. तेल संपेपर्यंत किंवा स्वतः मोडेपर्यंत ते पळत राहतं. मी एकतीस वर्षं इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवलं, हा प्रकार दरवर्षी फळ्यावर काढून दाखवला, आणि प्रत्यक्षात एकदाही पाहिला नव्हता. पण बोलायला कोणाचं काय जातं.

"टर्बोला पुरेसं तेल पोचलं नसणार, म्हणून तो आतून झिजून गळायला लागला," मी म्हणाले. "तेलाची बारीक नळी सोड. तिच्या टोकाला पोकळ बोल्ट आहे, त्याच्या छिद्रात बघ आणि मला फोटो पाठव."

फोटो आला तेव्हा मी काकडी चोचवत होते. चष्मा देवघरात राहिला होता. मी ओल्या बोटाने फोटो मोठा केला. बोल्टच्या छिद्रात एक लालसर गोळा अडकलेला दिसत होता.

"लाल सिलिकॉन," मी म्हणाले. सांधा गळू नये म्हणून लावतात ती रबरासारखी पेस्ट. जास्त लावली की आतल्या बाजूला तिचे तुकडे सुटतात आणि तेलाची वाट बंद करतात. "नथ्थूचं काम आहे हे. वीस वर्षं झाली, पण हात काही सुधारला नाही त्याचा."

दोन मिनिटं लागली मला. प्रथमेशने ते वाक्य तसंच उचलून क्लबच्या ग्रुपवर टाकलं, वर "नंदा मॅडम का कहना है" असंही लिहिलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या जबलपूरच्या लेखी नथ्थू विश्वकर्मा म्हणजे दोघांचा जीव घेता घेता राहिलेला मेकॅनिक झाला होता.

मला त्या संध्याकाळी बरं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. निवृत्तीनंतरही लोक आपल्याला विचारतात, याचं बरं.

२

नथ्थू माझा विद्यार्थी. जबलपूरच्याच गोरखपूर भागात त्याचं गॅरेज आहे. जुनी इंजिनं काढून दुसरी बसवण्यात त्याचा हात धरणारा शहरात कोणी नाही, हे त्याचे वैरीही कबूल करतात. प्रथमेशने लष्कराच्या लिलावातून ती जिप्सी आणली, तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं. नथ्थूने ते काढून एका छोट्या मोटारीचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. इंजिन टेकवायचे पाय नवे केले, शाफ्ट कापून जुळवला, आरटीओच्या पुस्तकात नोंदही करून दिली. गाडी चार महिने सुरेख चालली. मग भाच्याला सुखातला जीव दुःखात घालायची हुक्की आली आणि त्याने आणखी मोठा टर्बो मागवला.

नवरात्रात टर्बोचा आणि त्याच्या तेलाच्या नळीचा डबा आला. पत्ता अनुपमचा दिला होता, म्हणून दोन दिवस त्याच्या घरी पडून होता. खंडेनवमीला प्रथमेश तो माझ्याकडे चेरीतालला घेऊन आला. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत तलवारी घेऊन इकडे आले. आता तलवारी नाहीत, माझ्या पाटावर पाने, पक्कड आणि एक जुना व्हर्नियर पुजेला असतो, त्या वर्षी शेजारी टर्बोही बसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा नथ्थूकडे गेला, शुक्रवारी संध्याकाळी गाडीत चढला आणि रविवारी सगळ्याचा निकाल लागला.

म्हणजे डबा चार जणांच्या हातांतून गेला होता. मला मात्र एकच हात दिसत होता, आणि त्याचं कारण जुनं आहे. दुसऱ्या वर्षाला असताना नथ्थूने एका इंजिनाला लाल सिलिकॉन असं थापलं होतं, की मी ते झाकण सगळ्या वर्गापुढे उंच धरून विचारलं होतं, "यह इंजन है कि बर्थडे का केक?" वर्ग हसला. मीही हसले. तो विनोद मी पुढे कितीतरी तुकड्यांना नावानिशी सांगितला.

सहा दिवसांनी, शनिवारी, अनुपमचे वडील अंबादासराव माझ्याकडे आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, एरवी मवाळ गृहस्थ. त्या दिवशी त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"नंदाताई, पोरगं रात्रभर कण्हून राहिलं आहे," ते म्हणाले. "जिवावरचं हाडावर निभावलं. सोमवारी ठाण्यात अर्ज देऊन राहिलो मी. निष्काळजीपणाचा. सोबत तुमचं मत जोडायचं आहे. फक्त सही करा."

कागदावर माझंच वाक्य शुद्ध हिंदीत लिहिलेलं होतं. खाली माझं नाव, माझी पदवी.

"उद्या देते," मी म्हणाले.

दया आली म्हणून नव्हे. मला काम चोख हवं होतं. नथ्थूच्या हातचा कबुलीजबाब जोडला, म्हणजे माझं मत कोणी खोडू शकणार नाही, एवढाच हिशेब होता.

३

रविवारी गॅरेजचं शटर बंद होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, "भैया तो आठ दिन से पनागर में हैं, भाई के खेत पे. मटर बो रहे हैं. औजार-वौजार सब भीतर बंद कर गए."

मी स्कूटर तशीच पनागरच्या रस्त्याला घातली. नथ्थू शेतात ओळीने वाकून दाणे टाकत होता. मला पाहिल्यावर त्याने हात झटकले, पुसले आणि खाट ओढून दिली.

"लिहून देशील?" मी थेट विचारलं. नथ्थूशी मी निम्मं मराठीत बोलते, त्याला समजतं.

"दे देंगे, मैडम. आप लिख दीजिए, हम साइन कर देंगे."

"तू सिलिकॉन लावलं होतंस?"

"हमें तो याद नहीं पड़ता. लाल तो हम रखते ही नहीं, केकवाली बात के बाद से कभी लाल खरीदा ही नहीं. काला रखते हैं. और तेल की लाइन में तो काला भी नहीं लगाते, ताँबे का वॉशर डालते हैं." मग त्याने खांदे उडवले. "पर आपने फोटो देखकर कहा है, तो लगाया ही होगा. हाथ से हो गया होगा. तभी तो गैराज बंद किया. जिस हाथ का अपने को भरोसा नहीं, उससे दूसरे की गाड़ी कैसे खोलें?"

मी चिडले. खरं तर मला आवडायला हवं होतं, हवं ते आयतं मिळत होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला चुकीच्या उत्तरापेक्षा न पटलेलं उत्तर जास्त टोचतं. तांब्याचं वॉशर घालणारा माणूस तिथे सिलिकॉन कशाला लावेल?

"बसवलंस कसं, ते सांग. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. डबा उघडला. टर्बोच्या आणि नळीच्या तोंडांना कंपनीची पांढरी टोपणं जागच्या जागी होती. सगळी जुळवाजुळव झाल्यावर, अगदी शेवटी, त्याने टोपणं काढली आणि लगेच नळी बसवली. इंजिन दहा मिनिटं चालवलं, खालून तेल परत येतंय हे डोळ्यांनी पाहिलं, मग गाडी दिली.

"नळीत हवा मारली होतीस?"

"नहीं मारी." तो माझ्याकडे जरा आश्चर्याने बघत राहिला. "आप ही ने तो सिखाया था. कंपनी का कैप लगा हो, तो पुर्जा साफ मानो. कैप हटाते ही फिट करो, कंप्रेसर की गीली हवा अंदर मत घुसेड़ो."

ते मी शिकवलं होतं. शब्द तेच होते.

"ती टोपणं कुठे आहेत?"

नथ्थू काही टाकून देत नाही. खोलीतून त्याने एक पत्र्याचा डबा आणला. शिकवलेलं असं जपणारा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. डब्यात दोन पांढरी टोपणं होती. नळीच्या टोपणाच्या आत, कडेला, लाल डाग होता.

"बघ," मी म्हणणार होते, "लाल." शब्द तोंडाशी आला होता. मी डागावर नख ओढलं. नखावर भुकटी आली.

सिलिकॉन सोललं तर त्याची साल निघते. त्याची भुकटी होत नाही.

४

ती भुकटी ओळखायला मला एक क्षणही लागायला नको होता. मी टोपण रुमालात गुंडाळलं आणि परतीच्या वाटेवर स्वतःला समजावत राहिले, की गंज असेल. प्लास्टिकला गंज चढत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण मला तेवढा रस्ता तरी गंजाचा आधार हवा होता.

वाटेत मी एक गोष्ट मात्र नीट मांडली. घाण टोपणाच्या आत होती, आणि नथ्थूच्या हातात डबा आला तेव्हा टोपण जागेवर होतं. म्हणजे त्याच्याआधी कोणीतरी टोपण काढलं होतं आणि परत बसवलंही होतं. डबा दोन दिवस अनुपमकडे होता. अनुपम असावा, अशी मी मनातल्या मनात चक्क प्रार्थना करत होते. हाड मोडून घेतलेल्या पोराबद्दल.

तो गळ्यात पट्टा अडकवून पलंगावर बसला होता. अंबादासराव मंडळात गेले होते.

"डबा उघडला होतास तू?" मी विचारलं.

"नाही, काकू. टेप तशीच होती. प्रथमेशनं सांगून ठेवलं होतं, हात नको लावू, मला व्हिडिओ काढायचा आहे उघडायचा."

"मग काढला व्हिडिओ?"

"हो ना. तुमच्याकडेच काढला, पूजेच्या दिवशी. त्याच्या चॅनेलवर टाकला होता त्यानं. मी काही पाहिला नाही, नेट चालत नव्हतं." तो जरा घुटमळला. "परवा म्हटलं बघावं, तर त्यानं काढून टाकला."

"कधी काढून टाकला?"

"मंगळवारी, पोरं म्हणत होती. मी त्याला विचारलं काहून काढला, तर बोललाच नाही काही."

स्पर्धा रविवारी झाली होती. प्रथमेशने नथ्थूवर माझं वाक्य टाकलं रविवारी. आणि मंगळवारी त्याने स्वतःचा व्हिडिओ पुसला. मी उठले तेव्हा माझे पाय मला न विचारता प्रथमेशच्या घराकडे वळले, इतपत तरी खरं आहे.

५

प्रथमेशने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून दारातच उभा राहिला. बँकेत काम करणारा सत्तावीस वर्षांचा माणूस, पण लहानपणी काच फोडल्यावर उभा राहायचा तसाच.

"नळी आणि बोल्ट आण," मी म्हणाले.

"आत्या, जाऊ दे ना आता."

"आण."

त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून बोल्ट आणून माझ्या हातात दिला. या वेळी मी चष्मा लावला, पर्समधून भिंगही काढलं. बोल्टच्या छिद्रात तो गोळा होता, काळपट लाल, तेलात भाजलेला. बाजूला कोणीतरी आधीच टोचल्याची खूण होती. मी टाचणी घातली आणि दाबली. रबर दबतं आणि परत वर येतं. हे दबलं नाही, तुटलं. आतून पांढरं होतं.

तांदळाचा दाणा होता तो. त्याच्यामागे आणखी अर्धा.

यापुढचं कोणी मला सांगायची गरज नव्हती. खंडेनवमीची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहिली. पाटावर हत्यारं मांडलेली, प्रथमेश फोन धरून व्हिडिओ काढतो आहे, आणि मी. कॅमेरा समोर आला की मास्तरणीच्या अंगात येतं. मी टर्बो हातात घेतला, नळी हातात घेतली, दोन्हींची टोपणं काढली आणि तेल कुठून येतं, कुठे जातं, यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. मग नळी तशीच उघड्या तोंडाने ताम्हनात ठेवली, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. कुंकवात कालवलेल्या, लाल. दुपारी आवरताना मी सगळं पुसून घेतलं. आणि नीटनेटकेपणाची सवय म्हणून टोपणं पुन्हा जागच्या जागी घट्ट बसवली. बोटाला कुंकू होतं, ते टोपणाच्या आत लागलं.

टोपण न बसवता नळी उघडीच नथ्थूकडे गेली असती, तर त्याने तिच्यात हवा मारली असती आणि दाणे उडून गेले असते. मी त्याचा हातच बांधून ठेवला होता. शुक्रवारी दाणे नळीच्या वळणात पडून राहिले, म्हणून त्याला तेल येताना दिसलं. रविवारी चढावर तेलाचा जोर वाढला, दाणे पुढे सरकले आणि छिद्रात जाऊन बसले.

"तुला मंगळवारी कळलं," मी म्हणाले.

"हो. सुई मीच घातली होती." तो जमिनीकडे बघत होता. "मग व्हिडिओ बघितला परत."

"काहून बोलला नाहीस रे?"

"तुझं नाव घेऊनच टाकलं होतं ना मी ग्रुपवर. आता काय सांगू, का आत्यानंच केलं? लोक काय म्हटले असते तुला? आणि नथ्थूभैयानं तर एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मला वाटलं, तो मान्य करून राहिला, तर मिटलं."

मी त्याच्या कानाखाली द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. कारण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला होता तो हा, की म्हणजे हे फक्त दोघांनाच माहीत आहे. मला माझीच किळस आली. भाचा आत्यावर गेला होता, दुसरं काय.

६

सोमवारी सकाळी आठलाच मी अंबादासरावांकडे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या चहाच्या कपाकडे बघत होते.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी तो टाइप केलेला कागद माझ्यासमोर फाडला.

"अर्ज तर आता नाही देत मी," ते म्हणाले. "पोरगं बरं होऊन जाईल. पण नंदाताई, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. देवाच्या कामातच झालं ना? मुद्दाम का कोणी केलं? ग्रुपवर एक ओळ टाकून द्या, मेकॅनिकची चूक नव्हती. बाकी खोलात काहून जायचं? मंडळात तुमचं नाव आहे."

चांगल्या मनाने बोलत होते ते. आणि मला ते गोड लागलं. मी त्यांच्याच टेबलावर बसून हिंदीत लिहिलं, की पूजा के समय अक्षत के दाने तेल की नली में गिर गए थे, इसी से टर्बो को तेल नहीं मिला, मैकेनिक का काम ठीक था. एकही शब्द खोटा नव्हता. वाचून मला हलकंही वाटलं. सगळं देवाच्या अंगावर ढकलून मी मोकळी झाले होते.

ग्रुपवर टाकण्याआधी नथ्थूला दाखवावं, असं मला वाटलं. त्याने ते वाचावं, त्याचा चेहरा खुलावा आणि तो मी बघावा, ही इच्छा होती. अजूनही मला शाबासकीच हवी होती, त्याच्याकडून.

तो शेताच्या बांधावर बसून पाणी पीत होता. मी त्याला आधी तोंडी सांगितलं. तांदूळ, कुंकू, टोपण, माझ्या नियमाने त्याचे बांधलेले हात, सगळं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग मी कागद पुढे केला.

त्याने तो दोनदा वाचला.

"यह ग्रुप पे जाएगा?"

"हो. आत्ता, तुझ्यासमोर टाकते."

"किसकी पूजा में गिरे, यह तो लिखा नहीं."

"नथ्थू, तुला तर माहीत आहे."

"हमको मालूम है," तो शांतपणे म्हणाला. "ग्रुपवालों को नहीं मालूम. विश्वकर्मा तो हम हैं, मैडम. औजार की पूजा का नाम सुनेंगे, तो लोग हमारे ही गैराज की समझेंगे. कहेंगे, देखो, नथ्थू ने चावल डालकर गाड़ी फूँक दी."

मला हे दिसलंच नव्हतं. देवाच्या अंगावर ढकलते आहे असं मला वाटत होतं, आणि मी दुसऱ्यांदा त्याच्याच अंगावर ढकलत होते. त्या उन्हात, त्या पेरणी करणाऱ्या माणसांसमोर, मला बसल्या जागी जमिनीत शिरावंसं वाटलं.

मी कागद परत घेतला आणि माझ्या पर्सवर ठेवून पुन्हा लिहिला. माझ्या घरी, खंडेनवमीच्या पूजेत, टोपणं मी काढली, अक्षता मी टाकल्या, टोपणं मीच परत लावली. चष्मा न लावता, फोटो बघून, मी नथ्थूला दोष दिला. तो दोष खोटा होता. खाली नाव लिहिलं. पदवी लिहिली नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोन लगेच वाजायला लागला, तो मी पर्समध्ये ठेवून दिला.

नथ्थूने कागदाची घडी करून खिशात घातली.

"प्रथमेश भैया से कहिए, इंजन भिजवा दें," तो म्हणाला. "ब्लॉक तो गया, पर दूसरा ढूँढ देंगे. परसों से गैराज खोलते हैं."

"मी सांगते त्याला."

मी उठायला लागले, तेव्हा त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. वर्गात शंका विचारायचा, तसंच विचारलं.

"आठ दिन में आपको एक बार भी नहीं लगा, मैडम, कि नथ्थू ने नहीं किया होगा?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याला बरं वाटलं असतं, आणि त्याने विश्वासही ठेवला असता. माझ्यावर तो कायम ठेवतो.

"नाही लागलं रे," मी म्हणाले. "एकदाही नाही."

त्याने मान हलवली.

"हमको भी नहीं लगा," तो म्हणाला. "आपने कह दिया था, तो हमने भी अपने आप से नहीं पूछा."

मग तो उठला, बियाण्याची पाटी कमरेला लावली आणि राहिलेली ओळ पेरायला गेला.